माध्यान्हीचे स्नान

नगरचा हिवाळा हा मुख्यतः रात्रीचा हिवाळा आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आणि पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेल्या या मुलखावर मार्गशीर्ष-पौषात आकाश बहुधा निरभ्र असते. आणि ज्या निरभ्रतेमुळे दिवसा ऊन मुबलक मिळते तिच्याचमुळे, सूर्य अस्तास जाताच, भूमीने दिवसभर साठविलेली उष्णता कोणत्याही अटकावावाचून वर निघून जाते, त्यामुळे ज्या अंगणात पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली उतरलेला असतो त्याच अंगणात दुपारी तो अठ्ठावीस अंशांच्या आसपास चढलेला आढळतो. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, भंडारदऱ्याच्या आसपास, ही थंडी अधिक बोचते. कर्जत-जामखेडच्या माळावर ती अधिक कोरडी असते. परंतु एकाच दिवसाच्या पोटात दोन ऋतू नांदण्याचा हा प्रकार सबंध जिल्ह्यास सारखाच लागू आहे. माणूस रजई, शेकोटी आणि बंबातील कढत पाणी यांच्या साह्याने या विषमतेशी तडजोड करून घेतो. पिंजऱ्यातील पोपटाची मदार मात्र सर्वस्वी धन्याच्या तजविजीवर असते, आणि ही तजवीज चुकण्याचा जास्तीत जास्त संभव स्नानाच्या बाबतीत आहे.

याविषयी आपल्या घरांतून दोन परस्परविरुद्ध शिरस्ते आढळतात. काही घरी दिवाळी सरली की पोपटाचे पाणी बंद होते आणि होळी पेटेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या अंगाला थेंब लागत नाही. इतर काही घरी, आपले स्नान जसे प्रातःकाळी व्हावयास पाहिजे तसे त्याचेही झाले पाहिजे अशा शुचितेच्या कल्पनेने, भल्या सकाळी पिंजरा मोरीवर नेऊन त्यावर तांब्याने पाणी ओतले जाते. पहिला शिरस्ता पक्ष्याला हळूहळू त्रास देतो. दुसरा एखाद्या गारठलेल्या सकाळी त्याचा प्राण घेऊ शकतो. या दोहोंच्या मध्ये जो सुरक्षित मार्ग आहे त्याचे मर्म एवढेच, की थंडीत पक्ष्याला अपाय होतो तो भिजण्याने फारसा होत नाही, तर भिजल्यापासून पुरता वाळेपर्यंतच्या अवधीत होतो. म्हणून स्नानाचा विचार करताना पाण्याआधी वाळण्याचा बंदोबस्त पाहावयास हवा.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाब उरकून घेणे इष्ट आहे, कारण ‘पोपट’ म्हटल्यावर नगरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर जो हिरवा, लाल चोचीचा, मानेभोवती कंठ असलेला राघू उभा राहतो, तो पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. मोठा पहाडी पोपट आणि लालसर-जांभळ्या डोक्याचा लहान पोपट हेही त्याच मनाईत येतात. पूर्वी वाड्यांच्या ओसरीवर पिंजरा टांगलेला असणे हे सुखवस्तुपणाचे लक्षण समजले जाई, आणि अजूनही गावोगाव ही रीत निर्वेधपणे चालू असल्याचे दिसते. तथापि रिवाज जुना असला म्हणून गुन्हा गुन्हा राहत नाही असे नव्हे. असा पक्षी घरात असेल, किंवा जखमी अवस्थेत सापडला असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो त्यांच्या स्वाधीन करावा. वर्षानुवर्षे कोंडलेल्या किंवा पंख कातरलेल्या राघूला पुण्यकर्म म्हणून एकाएकी सोडून देऊ नये. तो मांजराच्या किंवा शिकऱ्याच्या तोंडी जातो. येथून पुढे जे सांगावयाचे आहे ते परदेशी मूळ असलेल्या पोपटांविषयी आहे: बाजारात ‘लव्हबर्ड’ या नावाने सर्रास विकले जाणारे बजरीगर, शेंडीवाले कॉकॅटिएल, खरे लव्हबर्ड आणि क्वचित कोठे आढळणारा आफ्रिकन ग्रे. यांपैकी आफ्रिकन ग्रेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ सालच्या निर्णयाने कडक निर्बंध आले असून, असे निर्बंधित परदेशी पक्षी बाळगणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी त्यांची नोंद करणे आवश्यक आहे.

या पाहुण्यांचे मूळ देश ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या स्नानाच्या आवडीनिवडी आपोआप उलगडतात. बजरीगर आणि कॉकॅटिएल हे ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत अंतर्भागातले. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले आणि तेथून त्यांचा प्रसार जगभर झाला. त्यांच्या मायभूमीत पाणी दुर्मिळ, परंतु पहाटे गवतावर दव पडते, आणि बजरीगर त्या ओल्या गवतात अंग घुसळून न्हातो. आफ्रिकन ग्रे विषुववृत्तीय अरण्यांतला. त्याची आंघोळ म्हणजे पावसाची सर. आपल्याकडचा रानातला राघूही पाऊस लागला की फांदीला उलटा लोंबकळून, पंख पसरून, कर्कश आनंदाने भिजतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना सांगावयास नकोच. म्हणजे एकास ओली पाने प्रिय, दुसऱ्यास तुषार प्रिय, आणि बुडवून काढणे कोणासही प्रिय नाही.

मग हिवाळ्यात हा उपद्व्याप करावाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पिसांत आहे. पिसाच्या मधल्या दांडीपासून दोन्ही बाजूंस तंतू निघतात, त्या तंतूंना उपतंतू असतात आणि उपतंतूंवरील सूक्ष्म आकडे एकमेकांत अडकून पिसाचा सलग पडदा तयार होतो. हे आकडे सुटतात, त्यांत धूळ बसते, आणि पक्षी चोचीने एकेक पीस ओढून ते पुन्हा जुळवीत बसतो. थोडासा ओलावा मिळाला तर हे काम सुकर होते. शिवाय नवे पीस ज्या आवरणात गुंडाळलेले उगवते ते मेणचट आवरण ओलाव्याने मऊ होऊन सुटते. कॉकॅटिएल आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगी विशिष्ट पिसे झिजून पांढरी पूड तयार होत असते. स्नान न मिळालेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्याखाली तिचा थर साचतो आणि घरात दम्याचा रोगी असेल तर तो त्रास त्यालाही भोगावा लागतो.

नगरच्या हिवाळ्यात या गरजेत दोन स्थानिक कारणांची भर पडते. एक, हवेची कोरडी अवस्था: ज्या हवेने आपले ओठ उलतात तिनेच पक्ष्याची त्वचाही शुष्क होते, आणि खाज सुटलेला पोपट पिसे खुडू लागला म्हणजे ती खोड मोडणे महाकठीण. दुसरे कारण साखर कारखान्यांचे. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून या जिल्ह्याच्या उत्तर भागाचा हिवाळा म्हणजे गाळपाचा हंगाम असे समीकरण झाले आहे, आणि गाळप चालू असताना बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, राखेची काळी काजळी आसपासच्या वस्त्यांवर उतरते हे तेथील गृहिणींना वाळत घातलेल्या धोतर-लुगड्यांवरून ठाऊक असते. अंगणात टांगलेल्या पिंजऱ्यातील पोपटाच्या पिसांवरही तीच काजळी बसते. आणि तो ती चोचीने साफ करतो, म्हणजे पोटात घेतो. तेव्हा दिवाळीपासून होळीपर्यंत स्नान बंद ठेवणे हा निष्काळजीपणाच आहे, मग तो कितीही मायेपोटी केलेला असो.

आता धोक्याची बाजू. पक्ष्याच्या शरीराचे तापमान आपल्याहून अधिक, सुमारे चाळीस ते बेचाळीस अंश असते, आणि ते टिकते पिसांच्या थरांत कोंडलेल्या हवेच्या बळावर. ही हवा म्हणजे त्याची दुलई. पीस चिंब झाले की ही हवा निघून जाते, आणि वर पाण्याची वाफ होताना ती अंगची उष्णता घेऊन जाते ते वेगळेच. हे नुकसान केवढे असते याचा एक ठोकळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हावयास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. बजरीगराचे वजन पस्तीस ग्रॅमांच्या घरात. एवढ्या देहाचे तापमान एका अंशाने उतरावयास अदमासे तीस कॅलरी निघून गेल्या तरी पुरे. अर्थात त्या एका ग्रॅमाची सर्व उष्णता केवळ देहातूनच घेतली गेली आणि देहाने नवी उष्णता निर्माण केलीच नाही, तर पक्षी वीस अंशांनी थंड पडेल! प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण वाफेला लागणारी पुष्कळशी उष्णता भोवतालच्या हवेतून आणि उन्हातून मिळते आणि पक्षीही अन्न जाळून, अंग थरथरवून तूट भरून काढीत असतो. पण भोवतालची हवा आठ-दहा अंशांची असेल, ऊन नसेल, आणि रात्रभर उपाशी असल्यामुळे पोटात जाळावयास दाणाही नसेल, तर हा भार कोणावर पडतो हे उघड आहे. नगरच्या मोरीवरील सकाळच्या तांब्यात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. तोच हिशेब चारशे ग्रॅमांच्या आफ्रिकन ग्रेला लावला तर वीस अंशांच्या जागी दोन अंशही भरत नाहीत. म्हणून पक्षी जितका लहान तितकी खबरदारी मोठी, हे प्रमाण मनात पक्के असावे.

यावरून वेळ आपोआपच ठरते. पौषात नगरास सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहानंतर थोड्याच वेळाने होतो. पक्ष्याने सकाळचे दाणे खाल्ले आहेत, अंगण तापले आहे आणि वाळावयास पुरता अवधी शिल्लक आहे अशी वेळ अकरा ते एकच्या दरम्यान येते. दोननंतर स्नान देऊ नये. कारण बाहेरची पिसे तासाभरात कोरडी दिसू लागली तरी अंगालगतचा लोकरीसारखा थर ओलाच असतो, आणि दिवस कलल्याबरोबर या प्रदेशात गारठा फार झपाट्याने उतरतो. विलायती पुस्तकांतून हिवाळ्याविषयी जी सक्त ताकीद असते ती ज्या देशांत दुपारही गोठलेली असते त्या देशांसाठी आहे. दख्खनचे माध्यान्ह हे तिकडच्या उन्हाळ्याहून फारसे निराळे नाही, आणि जी कोरडी हवा पहाटे पक्ष्याच्या जिवावर उठते तीच बाराच्या उन्हात त्याला लवकर वाळवून देते. मात्र ज्या दिवशी उत्तरेकडून गार वारे सुटले असेल, आभाळ भरून अवकाळी पावसाचे चिन्ह असेल, किंवा खोलीतच पक्षी ठेवावयाचा असून तेथील तापमान वीस अंशांच्या खाली असेल, त्या दिवशी स्नान खुशाल तहकूब करावे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, एवढे हिवाळ्यात पुरेसे आहे.

पाणी कोमट असावे. मनगटाच्या आतल्या बाजूस ते ना गार ना गरम वाटावे, एवढीच कसोटी. ‘थंडी आहे, जरा कढत घालू’ हा विचार ममतेचा असला तरी घातक आहे, कारण कढत पाणी पिसांवरील तैलांश धुऊन नेते आणि कोवळी त्वचा भाजते. दुपारी गच्चीवरील टाकीचे पाणी बहुधा पुरेसे कोमट झालेले असते. गार वाटल्यास त्यात थोडे तापवलेले मिसळावे. आणि येथे आपल्या एका संस्काराला मुरड घालावी लागते. हिवाळा आणि अभ्यंग यांची सांगड आपल्या मनात इतकी घट्ट आहे, की नरकचतुर्दशीला तेल-उटणे आणि भोगीला तीळ अंगी लावणाऱ्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईस पोपटालाही दोन बोटे तेल लावावेसे वाटले तर नवल नाही. परंतु तेलाने पिसे एकमेकांस चिकटतात, त्यांतील हवा नाहीशी होते आणि पक्षी ऐन थंडीत उघडा पडतो. तेल धुण्यासाठी साबण लावावा, तर पिसांचा नैसर्गिक स्निग्धांशही जातो. शिकेकाई, हळद, जंतुनाशक औषधे यांपैकी काहीही पाण्यात घालू नये. निव्वळ पाणी हेच त्याचे उटणे.

रीत पक्ष्याच्या जातीवर अवलंबून. बजरीगरासाठी कोथिंबिरीची किंवा मेथीची जुडी उत्तम. फवारणीच्या औषधाचा अंश राहू नये म्हणून ती दोन-तीन पाण्यांनी धुवावी, निथळत्या स्थितीतच पिंजऱ्याच्या गजाला बांधावी, आणि पक्षी आपणहून त्या पानांत डोके खुपसून, पाठ घासून, गवतातले आपले पूर्वजांचे स्नान उरकून घेतो. शिवाय उरलेली पाने खातो, हा दुहेरी लाभ. कॉकॅटिएल आणि लव्हबर्ड यांना जड बुडाचे पसरट भांडे ठेवावे, आणि त्यात पाणी बोटाच्या दोन पेरांहून अधिक खोल नसावे. आफ्रिकन ग्रेसारख्या मोठ्या पक्ष्यावर बारीक तुषार उडवावे, तेही तोंडावर रोखून नव्हे, तर डोक्याच्या वरून, पावसासारखे खाली पडतील असे; यासाठी घेतलेली फवाऱ्याची बाटली नवीच असावी, शेतीच्या किंवा झुरळांच्या औषधाची धुऊन घेतलेली कधीही चालणार नाही. हिवाळ्यात पिसांचा वरचा थर ओलावला की थांबावे. पोपटाचे अंग बारीक होऊन तो उंदरासारखा दिसू लागेपर्यंत भिजविण्याची हौस उन्हाळ्यासाठी राखून ठेवावी.

तुषारांना भिणाऱ्या पक्ष्यावर सक्ती करू नये. याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून स्थानबद्ध असताना मौलाना आझादांनी लिहिलेल्या आणि पुढे ‘गुबारे खातिर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रांत, खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांशी दाण्यांच्या आमिषाने त्यांनी हळूहळू कशी दोस्ती जमविली याचा मोठा रसाळ वृत्तान्त आहे. राजकारणाच्या धबडग्यातून सक्तीने मोकळ्या झालेल्या त्या विद्वानाजवळ जो वेळ होता तो आपल्याजवळ नसेल, पण अंतर दिवसादिवसाने कमी करीत जाण्याची ती पद्धत येथेही लागू पडते: प्रथम बाटली नुसतीच पिंजऱ्याजवळ ठेवावी, मग दूरवर हवेत एक-दोनदा फवारावे, आणि पक्षी पंख सैल सोडून पुढे सरकू लागला म्हणजेच त्याच्या अंगावर तुषार जाऊ द्यावेत. तो मागे हटून, पिसे आवळून, गजांना पाठ लावून उभा राहिला तर त्या दिवशीचे स्नान झाले असे समजावे.

वाळविण्यासाठी ऊन आणि निवारा दोन्ही पाहिजेत. पिंजरा उन्हात असावा, परंतु त्याचा एक कोपरा सावलीत राहील असा, म्हणजे ताप वाटल्यास पक्ष्याला सरकता येते. आणि वाऱ्याच्या बाजूस जाड कापडाचा आडोसा असावा. मांजर आणि घार यांच्यामुळे तेथे एका माणसाचा पहारा हवा. पक्षी हाताळू देत असेल तर मऊ पंच्याने वरचे पाणी टिपून घ्यावे. पुसू नये, कारण उलट्या हाताने पुसल्यास पिसे मोडतात. केस वाळविण्याच्या विजेच्या यंत्राचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. अशा काही यंत्रांच्या आतील भागास, तसेच काही खोलीतापकांस आणि न चिकटणाऱ्या तव्यांस, टेफ्लॉन जातीचा लेप असतो. तो अतिशय तापला म्हणजे जो वायू सुटतो त्याला माणसाला जाणवेल असा वास नसतो, पण पक्ष्यांची श्वसनव्यवस्था इतकी कार्यक्षम आहे, की त्याच खोलीतील पोपट काही मिनिटांत गतप्राण होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून पिंजरा शेकणे हेही तितकेच वाईट. त्या धुरकट उबेतील विषारी वायू घरातील माणसांनाही सोडत नाही. रात्री पिंजऱ्यास तीन बाजूंनी कापड गुंडाळून तो भिंतीकडे, खिडकीपासून दूर ठेवणे हा साधा उपाय निरोगी पक्ष्याला पुरतो.

स्नानानंतर थोडा वेळ पक्षी थरथरतो, पंख झटकतो, पिसे फुलवितो. यात भिण्यासारखे काही नाही, ती त्याची वाळण्याची आणि ऊब निर्माण करण्याची रीत आहे. परंतु तास-दोन तास उलटूनही तो गोळा होऊन बसलेला असेल, एका पायावर विसावण्याऐवजी दोन्ही पायांवर डोळे मिटून राहत असेल, श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलत असेल, किंवा दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी गेला असेल, तर विलंब न लावता त्याला उबेत न्यावे: पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूस कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, दुसरी बाजू मोकळी, आतील हवा तीस अंशांच्या आसपास, आणि लगोलग पशुवैद्याकडे. ब्रँडीचे थेंब, आल्याचा रस असले घरगुती प्रयोग करू नयेत. थंडी बाधलेल्या पक्ष्याच्या चोचीत घातलेले द्रव श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो.

ज्याला पिसे पुरती फुटलेली नाहीत असे पिल्लू, आजारी किंवा आजारातून नुकताच उठलेला पक्षी, आणि दुकानातून आणून आठवडाही न झालेला नवखा, यांना थंडीत मुळीच भिजवू नये. पिसे गळून नवी येत असतील तर उलट पानांची जुडी थोडी अधिक वेळा द्यावी, फवारा नको. माघ संपून रात्रींचा गारठा ओसरला, सकाळी आठलाच अंगणात उन्हाचा चटका जाणवू लागला, की ही सगळी बंधने सैल करता येतात. तेव्हा पाण्याचे पसरट भांडे रोज सकाळी पिंजऱ्यात ठेवावे आणि विष्ठेने खराब होण्यापूर्वी, म्हणजे तासाभराने, ते काढून घासून ठेवावे. याच माघ-फाल्गुनात झाडांच्या ढोलींतून आणि जुन्या भिंतींच्या भोकांतून उपसून आणलेली राघूची उघडी पिल्ले आठवडे बाजाराच्या कडेला टोपलीत लपवून विकावयास येतात. ती दयेपोटीसुद्धा विकत घेऊ नयेत, १९२६ वर कळवावे.